डब्यावर न छापलेली एक ओळ

श्री. रा. रा. उत्पादन व्यवस्थापक, नेटवर्क विभाग, यांस


आपलं नाव मला ठाऊक नाही आणि आपल्या कंपनीचं नाव मी इथे घेणार नाही. आपल्या धंद्यात इतके जण एकाच रीतीनं वागतात की एकाचं नाव घेतलं तर उरलेल्यांना आपण सुटल्याचा आनंद होईल. तो आनंद त्यांना द्यायची माझी इच्छा नाही.

प्रथम अभिनंदन. आपल्या नेटवर्क कार्डाचा डबा फार देखणा आहे. निळ्या अंधारात पृथ्वीचा गोल, त्याच्याभोवती प्रकाशाच्या रेषा, खाली ‘अल्ट्रा हाय स्पीड’. वेग दहापट असल्याचं लिहिलंय. कशाच्या दहापट, ते ज्यानं त्यानं आपापल्या परीनं समजून घ्यायचं. ‘प्लग अँड प्ले’ आहे, ‘गोल्ड प्लेटेड’ आहे, लहान मुलांच्या हाती देऊ नका ही सूचना अनेक भाषांत आहे. पुठ्ठा कुठे टाकावा याचंसुद्धा चित्र आहे. एवढ्या गर्दीत एका माहितीला तेवढी जागा उरली नाही: आत चिप कोणती आहे.

पत्र खुलं आहे, तेव्हा वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. नेटवर्क कार्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पट्टी. तिच्यावर केबल खुपसायचं सॉकेट, एखादा ट्रान्सफॉर्मर, एक क्रिस्टल आणि मधोमध एक काळी चौकोनी चिप. काम सगळं ती चिप करते. संगणकाची प्रणाली बोलते तीही चिपशीच; पट्टीवर स्टिकर कुणाचं आहे याच्याशी तिला घेणंदेणं नसतं. प्रत्येक चिपची तऱ्हा वेगळी, म्हणून तिच्याशी बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, वेगळा. विंडोजवाल्याला याची फिकीर करावी लागत नाही, कारण त्याचा ड्रायव्हर चिप बनवणारे स्वतः लिहून देतात. लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी या मुक्त प्रणालींचे ड्रायव्हर मात्र पुष्कळदा तिऱ्हाईतांनी, घरचं खाऊन लिहिलेले असतात. त्यामुळे स्वस्तातलं कार्ड घ्यायला निघालेल्या आमच्यासारख्यांचा दुकानात एकच प्रश्न असतो, आणि नेमकं त्याचंच उत्तर आपण छापत नाही.

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात एक जुना संगणक फायरवॉल म्हणून बसवायचं ठरलं. त्यावर ओपीएनसेन्स. ही प्रणाली फ्रीबीएसडीवर उभी आहे, फुकट आहे आणि म्हाताऱ्या संगणकावरही कुरकुर न करता चालते. फ्रीबीएसडी म्हणजे चार हौशी पोरांची भानगड असा आपला समज असेल तर सांगतो. बर्कलीच्या विद्यापीठात घडलेल्या युनिक्सची ही वारसदार १९९३ पासून चालू आहे. नेटफ्लिक्स जगभर ज्या सर्व्हरांवरून सिनेमे पोचवतं ते हिच्यावर चालतात, आणि सोनीच्या प्लेस्टेशन ४ ची प्रणाली हिच्यापासूनच बेतलेली आहे. म्हणजे आपल्या घरची मुलंही बहुधा तिच्याशी खेळून मोठी झाली असतील. आपल्या डब्यानं तेवढं तिचं नाव ऐकलेलं नाही.

फायरवॉलला दोन पोर्ट लागतात, एक बाहेरच्या इंटरनेटसाठी, एक आतल्या संगणकांसाठी. मदरबोर्डावर एक होतं. दुसऱ्यासाठी आपलं कार्ड मागवलं, कारण त्याच मॉडेलचं कार्ड शेजारच्या शाळेत फ्रीबीएसडीवरच विनातक्रार चालू होतं. क्रमांक अक्षरन् अक्षर ताडून पाहिला. डबा तोच, क्रमांक तोच, पृथ्वीचा गोलही तोच. संगणक चालू केल्यावर फ्रीबीएसडीनं एका ओळीत कळवलं की हार्डवेअरची ही आवृत्ती ओळखीची नाही, आणि कार्डाला हात लावायचं साफ नाकारलं. कार्ड काढून भिंगाखाली धरलं. चिप निराळी.

आपल्या ग्राहक सेवेला फोन केला. मुलगी अतिशय गोड बोलत होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. ‘चिप कोणती आहे?’ विचारल्यावर तिनं मला थांबायला सांगितलं, बराच वेळ बासरी ऐकवली आणि परत येऊन म्हणाली, ‘सर, ब्लॅक कलरची आहे.’ मग फ्रीबीएसडीबद्दल विचारलं, तर म्हणाली, ‘सर, त्याच्यावर विंडोज टाकून बघा ना.’ आता हा सल्ला तिचा नाही, तिच्या समोरच्या पडद्यावर जे लिहून ठेवलंय ते ती वाचणार. लिहून ठेवणारे आपण, म्हणून पत्र आपल्याला.

‘देवगड हापूस’ छापलेल्या पेटीत कर्नाटकातला आंबा भरून विकणारे दर उन्हाळ्यात निघतात. पण २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून अशा पेटीविरुद्ध तक्रार करायला कायद्याचा आधार तरी आहे. शिवाय तो आंबेवाला पेटी उघडून दाखवतो, फळ दाबू देतो, वास घेऊ देतो. आपल्या डब्याला सील. ते फोडलं की माल ग्राहकाचा.

ही रीत आपणच शोधून काढलीत असं म्हणून आपला फाजील गौरव मी करणार नाही. आपले पूर्वज मोठे होते. डी-लिंकचं डीएफई-५३०टीएक्स हे कार्ड एकेकाळी घरोघरी असायचं. आत व्हाया कंपनीची ऱ्हाइन चिप. मग त्याच नावापुढे अधिकचं चिन्ह लावून ‘प्लस’ आलं. अधिक काय मिळालं? आत रियलटेकची ८१३९ चिप आली, म्हणजे ड्रायव्हर बदलला, गुणही बदलले, आणि बदलल्याची खूण काय, तर एक अधिकचं चिन्ह! पण त्यांनी निदान ते तरी छापलं, हे आज मागे वळून पाहताना सौजन्यच वाटतं. लिंक्सिसच्या एलएनई१००टीएक्सनं तर एकाच नावाखाली डेकची, लाइट-ऑनची आणि एडीएमटेकची अशी घराणी बदलली. त्या काळी लिनक्सवाले ‘ते कार्ड घेऊ का?’ या प्रश्नाला ‘कोणत्या आवृत्तीचं?’ असं उलट विचारत, आणि आवृत्ती डबा फोडल्याशिवाय कळत नसे.

यूएसबीच्या जमान्यात मान टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या वायफाय डोंगलचा. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप. स्वस्त, एक अँटेना, आणि लिनक्सवर उत्तम. २०१३ मध्ये तर या चिपच्या आत चालणाऱ्या फर्मवेअरचा सोर्स कोडही खुला झाला, जी गोष्ट वायरलेसच्या जगात विरळा. नेटवर्क सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांची त्या डोंगलवर उडी पडली, कारण हवेतली माहितीची सगळी पाकिटं ऐकायची सोय त्यात होती. पुढे दुसरी आवृत्ती आली. नाव तेच, रूप तेच, आत रियलटेकची आरटीएल८१८८ईयूएस. ज्या गुणासाठी पोरं ते विकत घेत होती तोच नेमका गेला. आजही जुन्या पुस्तिका वाचून कुणी बिचारा ते मागवतो आणि संध्याकाळभर आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून आज्ञा टाइप करत बसतो.

राउटरमध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जीची गोष्ट याहून उघडी. तो लिनक्सवर चालायचा, लोक त्यात स्वतःच्या सुधारणा घालायचे, त्यातून ओपनडब्ल्यूआरटीसारखा प्रकल्प जन्माला आला. पाचव्या आवृत्तीत स्मृती निम्मी केली, फ्लॅश निम्मी केली, लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंद प्रणाली घातली. आरडाओरडा झाल्यावर जुनंच यंत्र ‘जीएल’ नावानं पुन्हा बाजारात आणलं, आणि ‘जी’पेक्षा जास्त किमतीला विकलं. मी व्यापारी असतो तर ही कल्पना ज्याला सुचली त्याचा पुतळा उभारला असता.

आता एक गैरसमज दूर करतो, नाहीतर आपण म्हणाल, साडेसातशे रुपयांत आणखी काय पाहिजे. साहेब, स्वस्ताबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. स्वस्त कार्डांनी या जगाचं कल्याण केलेलं आहे. १९९४ मध्ये नासाच्या गॉडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे साधे १६ संगणक आणि साधी १० मेगाबिटची इथरनेट कार्डं जोडून बेवुल्फ नावाचा गणनसमूह उभा केला. एका कार्डानं भागेना, म्हणून दोन जाळी समांतर चालवली. हे जमलं कारण लिनक्सचे पुष्कळसे इथरनेट ड्रायव्हर बेकरनं स्वतः लिहिले होते आणि तो ते हवे तसे वाकवू शकत होता. स्वस्त माल आणि उघडं ज्ञान एकत्र आलं की महासंगणकवाल्यांच्या पोटात गोळा येतो, हे तेव्हा सिद्ध झालं.

त्याही आधीची एनई२०००ची नक्कल-कार्डं आठवतात? मूळ कार्ड नॉव्हेलचं, नकला करणारे पैशाला पासरी. खऱ्या कार्डाच्या स्मृतीत ठरावीक जागी ५७, ५७ असे दोन अंक खूण म्हणून असायचे. काही नकलाकारांना तेवढीही नक्कल धड करता आली नाही. तर लिनक्सच्या ड्रायव्हरात अशा वाईट नकलांची वेगळी यादीच ठेवावी लागली, की बाबांनो, यांच्याकडे खूण नसली तरी यांना सांभाळून घ्या. मुक्त प्रणालीवाले एवढे सोशिक असतात. त्यांना हलका माल चालतो. फक्त तो कोणता ते कळलं पाहिजे.

आणि हलक्या मालाचा मेरुमणी म्हणजे वर आलेली ती रियलटेक ८१३९. तिच्यात पाकिटं पाठवायला अवघे चार कप्पे. पाठवायचं पाकीट सलग हवं, शिवाय स्मृतीत चार बाइटांच्या हद्दीवरच सुरू झालेलं हवं. नसेल तर संगणकाच्या प्रोसेसरनं ते उचलून दुसरीकडे मांडायचं. आलेली पाकिटं ती एका सलग हौदात ओतायची, तिथून एकेक उपसून घेण्याचं काम पुन्हा प्रोसेसरचं. म्हणजे कार्ड स्वतः बसून राहणार आणि यजमानाला राबवणार. बिल पॉल या माणसानं फ्रीबीएसडीसाठी तिचा ड्रायव्हर लिहिला आणि त्याच्या टिप्पणीत या चिपची अशी काही मनसोक्त हजेरी घेतली की ‘कनिष्ठ’ या शब्दाची व्याख्याच हिनं खाली आणली असा एकंदर सूर. पीसीआय खाचेत बसणारी बहुधा सगळ्यात वाईट इथरनेट चिप असंही त्यानं लिहून ठेवलंय, एक अपवाद राखून.

पण त्यानं ड्रायव्हर लिहिला! आणि तो वर्षानुवर्षं चालला. चिपही लिनक्सवर चालली, ओपनबीएसडीवर चालली, जिथे जिथे संगणक होता तिथे चालली. कारण चिप कशीही असली तरी ती कशी चालते हे माहीत होतं, आणि एकच चिप लाखो कार्डांवर होती. ती इतकी सर्वज्ञात झाली की क्यूएमूसारखा संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम आजही मागितल्यास खोटंखोटं ८१३९ कार्ड तयार करून देतो. जगातली सर्वांत हलकी म्हणून नावाजलेली चिप सिलिकॉन सोडून गेली तरी मरायला तयार नाही. आपल्या सहा महिन्यांनी बदलणाऱ्या कार्डाची नक्कल कोण करणार? कशाची करणार?

तेव्हा हलकं असणं हा दोष नाही. लपवणं हा आहे. आणि लपवण्याची किंमत कोण मोजतं तेही पाहा. अथेरॉसनं आपल्या वायरलेस चिपचा गाभा बंद ठेवला होता. लिनक्स आणि फ्रीबीएसडीला एक न वाचता येणारा तुकडा जसाच्या तसा वापरावा लागायचा. ओपनबीएसडीच्या राइक फ्लोटर यांनी चिपच्या वागण्याचा माग काढत काढत त्याची जागा घेणारा उघडा तुकडा लिहून काढला आणि २००५ च्या ओपनबीएसडी ३.७ मध्ये तो आला. कंपनीला उपरती होऊन मूळ सोर्स कोड जाहीर झाला २००८ मध्ये. ब्रॉडकॉमचं तर विचारूच नका. लिनक्सच्या लोकांनी त्यांची चिप अंधारात चाचपडत समजून घेतली, आणि कंपनीनं स्वतःचा उघडा ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये. मधल्या वर्षांत किती हुशार माणसांच्या किती रात्री गेल्या असतील? ओपनबीएसडीवाल्यांनी २००६ ची ३.९ ही आवृत्ती या बंद तुकड्यांच्या निषेधालाच वाहिली होती, आणि त्यांचे नेते थिओ द राट हे कुणाची भीड ठेवणारे गृहस्थ नव्हेत. आपल्या वाट्याला मी आलो, हे नशीब समजा.

फ्रीबीएसडीवर वायरलेसचं दुखणं इतकं जुनं की काही जण संगणकाच्या आत एक छोटा आभासी संगणक उभा करतात, त्यात लिनक्स घालतात, वायरलेस कार्ड त्याच्या ताब्यात देतात आणि इंटरनेट त्याच्याकडून उसनं घेतात. वायफायबॉक्स म्हणतात त्याला. एक कार्ड चालावं म्हणून अख्खी दुसरी प्रणाली पोसायची! आणि लोक हे करतात, आनंदानं करतात. यावरून आपल्या ग्राहकांच्या चिकाटीची कल्पना करा, आणि अशा ग्राहकाला आपण ‘विंडोज टाका’ म्हणता.

आपल्या काही बंधूंच्या डब्यावर पेंग्विनचं चित्र असतं, तेही जाता जाता पाहू. लिनक्सवर चालतं म्हणे. डब्यातली सीडीची चकती उघडली की त्यात एक गाठोडं सापडतं, जे कधीकाळच्या एका कर्नलसाठी, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यासाठी, बांधलेलं असतं आणि आजच्या कर्नलवर बांधायला गेलं की शंभर चुका दाखवून आडवं होतं. मुळात चकती घालायची कशात? लॅपटॉपला चकतीचं तोंड राहिलेलं नाही. यावर आपल्यातल्या काही चतुर मंडळींनी उपाय काढला: काही यूएसबी डोंगल लावल्याबरोबर ‘मी वायफाय आहे’ असं न म्हणता ‘मी सीडी आहे’ असं म्हणतात! आत विंडोजचा ड्रायव्हर असतो. विंडोज तो उतरवून घेतं आणि मग डोंगल आपलं खरं रूप प्रकट करतं. लिनक्सवाल्याला मात्र ‘बाबा, तू सीडी नाहीस’ हे त्याला पटवून देण्यासाठी यूएसबी मोडस्विच नावाचा वेगळा प्रोग्राम चालवावा लागतो. उपकरणानं स्वतःबद्दल खोटं बोलून नोकरीला सुरुवात करायची ही कल्पना कुणाच्या बैठकीत निघाली, ते एकदा कळायला हवं.

यूएसबीवरच्या तारेच्या नेटवर्कसाठी सीडीसी नावाचं प्रमाणही ठरलेलं आहे. उपकरणानं ते पाळलं तर एकाच सामान्य ड्रायव्हरवर सगळी दुकानं चालतात. ड्रायव्हर लिहायला नको, चकती नको, फोनवरची बासरी नको. म्हणजे आपण काहीच न करता आम्ही सुखी होऊ शकतो. आळशी माणसाला याहून चांगला प्रस्ताव कोणी दिला नसेल.

मग मी काय केलं? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलो. सर्व्हरांमधून निघालेली कार्डं विकणारं एक दुकान आहे तिथे, दुकान म्हणजे जिन्याखालची फळी. कंपन्या जुने सर्व्हर मोडीत काढतात, त्यातली कार्डं इथे येतात. मी म्हटलं, फ्रीबीएसडीसाठी गिगाबिट कार्ड हवं. त्यानं मान वर न करता विचारलं, ‘ब्याऐंशी पाचशे शहात्तर चालेल की तीनशे पन्नासच पाहिजे? ब्रॉडकॉम पण आहे, सत्तावन्नशे वीस, पण तुम्हाला इंटेल बरं पडेल.’ साहेब, मला गहिवरून आलं. ज्या माणसाकडे डबा नाही, पुठ्ठा नाही, पृथ्वीचा गोल नाही, त्याला चिपचं नाव तोंडपाठ होतं. इंटेलचं आय३५० चिपचं चार पोर्टांचं कार्ड त्यानं दिलं. भाव आपल्या कार्डाच्या तिप्पट, पण पोर्ट चार. एका पोर्टामागे हिशेब आपल्यापेक्षा स्वस्त. ग्राफिक्स कार्डाच्या लांब खाचेत ते आरामात बसतं. फ्रीबीएसडीच्या आयजीबी ड्रायव्हरनं चारही पोर्ट पहिल्या हाकेला ओळखले.

त्या फळीवरही धोका आहेच, आणि त्यालाही आपली परंपरा कारणीभूत. इंटेलच्या नावाची नकली कार्डं बाजारात बक्कळ येतात, तशाच पट्टीवर, तशाच स्टिकरसह. दुकानदारानं खऱ्या कार्डाचा ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्यावरचं ‘डेल्टा’ हे नाव बोटानं दाखवलं, शेजारी कोऱ्या अंगाचं एक नकली ठेवलं आणि म्हणाला, ‘हे पण चालतं, पण मी तुम्हाला देणार नाही.’ आपल्या विक्री विभागात अशी वाक्यं शिकवतात का?

इंटेलची आरती ओवाळायची म्हणून हे लिहीत नाही. २०१३ मध्ये त्यांच्या ८२५७४एल चिप बसवलेल्या काही मदरबोर्डांना विशिष्ट मजकुराचं एकच पाकीट आलं की ती मूर्च्छित पडायची. क्रिस्टियन कीलहॉफनर यांनी ते पाकीट शोधून काढून जगाला दाखवलं, आणि इंटेलनं दोष एका मदरबोर्ड उत्पादकाच्या चुकीच्या स्मृतीनोंदीवर ठेवला. अडीच गिगाबिटची आय२२५-व्ही आली तेव्हा तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये दोन पाकिटांमधलं अंतर चुकायचं आणि काही स्विचांशी वेग कोसळायचा. पण नीट पाहा: या दोन्ही गोष्टी मी आपल्याला चिपच्या नावासकट सांगू शकतो, कारण नाव माहीत आहे. ‘आय२२५ घ्यायचीच तर बी३ आवृत्ती बघून घ्या’ असं ग्राहक एकमेकांना बजावू शकतात. आपल्या कार्डाबद्दल कोण कुणाला काय बजावणार? ‘पृथ्वीचा गोल असलेलं घेऊ नका’?

आपण म्हणाल, पुरवठ्याची अडचण असते. मान्य. २०२१ मध्ये चिपांची टंचाई होती तेव्हा मोटारींचे कारखाने थांबले होते, आपली काय कथा. हाती येईल ती चिप बसवा. पण मग क्रमांक बदला! शेवटी एक अक्षर लावा, आणि ते विक्रीच्या पानावरही लावा. पट्टीच्या मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात ‘व्ही २’ छापून आपण सत्य सांगितल्याचं पुण्य पदरात पाडून घेऊ नका.

आपण म्हणाल, व्यापारी गुपित आहे. हे मला सगळ्यात आवडतं. पीसीआय कार्ड संगणकात खोचलं की ते आपण होऊन दोन क्रमांक सांगतं, एक निर्मात्याचा, एक उपकरणाचा. इंटेलनं निर्माता म्हणून ८०८६ घेतलाय, आपल्या गाजलेल्या प्रोसेसरच्या नावानं, रियलटेकचा १०ईसी. लिनक्सवर एलएसपीसीआय, फ्रीबीएसडीवर पीसीआयकॉन्फ अशी एक आज्ञा दिली की दोन्ही क्रमांक पडद्यावर. रियलटेकच्या ८१६८ या एका उपकरण-क्रमांकाखाली इतक्या पिढ्या दडल्या आहेत की लिनक्सच्या ड्रायव्हरला चिपच्या पोटात डोकावून आणखी एक आवृत्ती-क्रमांक वाचावा लागतो, पण तोही वाचता येतो. शिवाय चिपच्या पाठीवर नाव कोरलेलं असतं. आपला स्पर्धक साडेसातशे रुपये टाकून हे सगळं पाच मिनिटांत पाहू शकतो, पाहतोच. मग गुपित राहतं कुणापासून? फक्त ज्यानं अजून पैसे दिलेले नाहीत त्याच्यापासून. आणि पैसे दिल्याक्षणी त्याच्यापासूनही नाही. असं गुपित व्यापाराच्या कुठल्या पुस्तकात येतं?

मागणी एवढीच आहे. ड्रायव्हर लिहून नका देऊ, तो लिहिणारे लोक आहेत. फ्रीबीएसडी प्रत्येक आवृत्तीबरोबर कोणत्या चिप चालतात याची जाडजूड यादी काढतं, ओपनबीएसडीच्या मार्गदर्शक पानांवर ड्रायव्हरागणिक कार्डांची नावं असतात, तीही फुकट. त्या यादीशी ताडून पाहता येईल असं आपल्याकडून एक नाव हवं. डब्याच्या तळाला, पुठ्ठा कुठे टाकावा त्या चित्राच्या शेजारी, एक ओळ: चिपचं नाव, आवृत्ती, ओळखक्रमांक. शाई लागेल थोडी. ‘अल्ट्रा’ हा शब्द काढलात तर तीही वाचेल.

कार्ड परत पाठवलंय. परतीच्या अर्जावर कारण निवडायचं होतं. ‘चुकीची वस्तू’ निवडलं तर मॉडेल क्रमांकाचं छायाचित्र मागितलं, आणि क्रमांक अर्थातच बरोबर निघाला. ‘मन बदललं’ निवडलं असतं तर पाठवण्याचा खर्च माझ्या माथी. शेवटी ‘सदोष’ निवडावं लागलं, जे खरं नाही. कार्डात दोष काहीच नव्हता. त्या यादीत ‘आतली चिप बदलली’ असाही एक पर्याय घाला. वर्षअखेरीस तो किती जणांनी निवडला ते मोजा, आणि तो आकडा आपल्या पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा.

आपला,
एक ग्राहक, वाचनालय समितीतर्फे